आधीच झालेलं उद्घाटन

नाहूरच्या बाळ मेस्त्र्यांचा एकच हेका होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही. ‘नाहूर निनाद’ या आपल्या चार पानी साप्ताहिकासाठी सत्तावीस वर्षं ते गटारांत वाकून बघत आले आणि सभांमधल्या खुर्च्या मोजत आले. एके काळी त्यांच्या पाणीटंचाईच्या बातमीने एका नगरसेवकाची झोप उडाली होती. ती गोष्ट ते पाहुण्यांना चहाआधीच सांगत.

आता जमाना बदलला होता. नगरसेवक देवव्रत सामंतांच्या ऑफिसातून बातमी तयार होऊनच यायची, तीही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. पाहुणे अजून घरी दाढी करत असायचे आणि बातमीत त्यांनी ‘मोलाचं मार्गदर्शन’ करून टाकलेलं असायचं. बाकीचे पत्रकार ती जशीच्या तशी लावून मोकळे व्हायचे. मेस्त्री मात्र हट्टाने जागेवर जायचे.

पण त्या आठवड्यात छापखान्याचा खंडू गावच्या जत्रेला निघाला. छापायचं तर गुरुवारीच, म्हणाला. वाचनालयाचं उद्घाटन होतं शुक्रवारी अकराला. हे वाचनालय बांधून चार वर्षं कुलपात पडलेलं, आणि त्यावर मेस्त्र्यांनी अकरा बातम्या लिहिलेल्या. इतकी वाट पाहिलेली बातमी आठवडाभर शिळी करणं त्यांच्या जिवावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आलेला मजकूर तसाच घेतला. वर आनंदाच्या भरात पदरची एक ओळ घातली: ‘वाचनालय रोज सकाळी सातपासून खुलं, पंधरा वर्तमानपत्रं उपलब्ध.’ मुद्रितं तपासणाऱ्या त्यांच्या बायकोने, पद्मजाताईंनी, विचारलं, “हे पंधरा तुम्हाला कोणी सांगितलं?” नवऱ्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

शुक्रवारी फीत कापायला येणारे मंत्री आलेच नाहीत. त्यांची गाडी परस्पर दहिसरकडे वळली आणि कार्यक्रम रद्द झाला. तोवर अंक वाटायला गेलेले होते.

शनिवारी सकाळी मेस्त्री धावत वाचनालयापाशी पोचले, तर पायरीवर नऊ म्हातारे अंक मांडीवर घेऊन बसलेले. पुढे अनंत तावडे, गिरणी बंद पडल्यापासून नाहूरला राहणारे. मेस्त्र्यांनी खाली मान घालून सांगितलं की चूक झाली, घरी जा. अनंतकाका हलले नाहीत.

“तुझ्या पेपरात इला हा, बाळा. म्हणजे उघडतला,” ते म्हणाले.

शिवी दिली असती तरी मेस्त्र्यांना इतकी लाज वाटली नसती. ते तडक सामंतांच्या ऑफिसात गेले आणि माफी छापणार म्हणून सांगितलं. सामंत गडबडले, कारण त्यांच्याकडच्या श्वेताने फेसबुकवर आधीच लावून ठेवलेली उद्घाटनाची पोस्ट काल बरोबर अकराला आपोआप गेली होती. फोटो मागल्या वर्षीच्या पाणपोईच्या उद्घाटनाचा. फीत तेवढी दिसत होती.

“उद्घाटन झालंय, मेस्त्रीसाहेब,” सामंत म्हणाले. “दोन हजार लोकांनी लाइक केलंय. ते काय येडे आहेत?”

“झालंय ना? मग कुलूप कशाला?”

झालेलं उद्घाटन पुन्हा करता येईना, म्हणून त्याच संध्याकाळी किल्ली आली. ना हार, ना भाषण. रविवारी सातला दार उघडलं आणि टेबलावर मोजून पंधरा वर्तमानपत्रं होती.

कोणीही सुखाने गप्प बसला असता. मेस्त्री माफी लिहायला बसले. ते कळल्यावर अनंतकाका तीन जिने चढून घरी आले.

“अकरा खेपा खरा लिवलंस, कुलूप हलला नाय. एकदा खोटा लिवलंस, तर उघडला. आता परत खरा लिवन बंद करतलंस?”

मेस्त्र्यांना रात्रभर झोप नव्हती. पण नाव सत्तावीस वर्षांचं होतं. माफी पहिल्या पानावर छापली: उद्घाटन झालंच नव्हतं, बातमी खोटी होती, फोटोही खोटा होता.

अंक निघाला त्या शनिवारी ते सकाळी साडेसहापासून वाचनालयाच्या दारात खुर्ची टाकून बसले. कुलूप लावायला कोणी आलं, तर आधी मला बाजूला करा म्हणायचं, असं ठरवून. दहाच्या सुमाराला सामंतांचा माणूस सुयोग स्कूटरवरून आला. मेस्त्र्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सुयोगने पुढल्या आठवड्याची तयार बातमी त्यांच्या हातात दिली आणि चहाला येता का विचारलं.

“साहेबांनी आजचा अंक बघितला ना?” मेस्त्र्यांनी विचारलं.

“नाही हो. कोणीच नाही बघत,” सुयोग सहज म्हणाला. “तुमच्यात आम्ही पाठवलेलंच असतं ना? ते आम्ही आधीच वाचलेलं असतं.”

स्कूटर गेली. वाचनालय शाबूत राहिलं, खरं म्हणजे पेढे वाटायला हवे होते. पण मेस्त्र्यांना जे लागायचं ते लागलं. सामंत चिडून आले असते, चार शब्द बोलले असते, तर बरं झालं असतं.

ते उठून आत गेले. अनंतकाकांनी चष्मा वर करून त्यांच्याकडे पाहिलं, बाकावर जागा केली आणि आपल्या हातातला ‘निनाद’ त्यांच्यापुढे सरकवला.

“मी वाचलंय,” अनंतकाका म्हणाले. “सगळो.”