पाच दिवसांत न मेलेला जंतू

मी एक जुना जंतू आहे, मित्रांनो. साध्या डोळ्यांना न दिसणारा, पण पोटातल्या आम्लातही तग धरणारा. परळच्या एका प्रयोगशाळेत, बोटाएवढ्या कुपीत मी गोठून पडलो आहे. इथे थंडीही वाजत नाही, काहीच वाटत नाही. आमच्यात एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि ते सगळे मीच. त्यामुळे कुपीत असलो तरी बाहेरचं मला ठाऊक असतं.

गंगुबाईंच्या पोटात मी साठ वर्षं काढली. त्या मालवणकडच्या. लहानपणी त्यांच्या आईने घास आपल्या तोंडात मऊ करून त्यांना भरवला, तसा मी आलो. पुढे करी रोडच्या चाळीत त्यांनी मुलाला, धनेशला, तसंच भरवलं आणि मी त्याच्याकडेही गेलो. तिथे वाढता वाढता माझ्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला. त्या तुकड्यात माझी सुई होती. ती जठराच्या पेशीत खुपसून मी विष सोडतो. सुई गेली, म्हणून धनेशला कधीमधी जळजळ व्हायची, एवढंच. गंगुबाईंच्या पोटात मात्र ती शाबूत राहिली आणि तिथे व्रण झाला. खंत वाटायला हवी, पण वाटत नाही.

घरच्यांनी मसाल्याला बोल लावला. बिचाऱ्या गंगुबाईंनी बांगड्याचं तिखलं सोडून वर्षभर पेज गिळली. मी होतो तिथेच होतो. अखेर एका डॉक्टरांनी मला ओळखलं आणि चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी गंगुबाईंनी पाकीट बाजूला सारलं.

"तोंडाक लोखंडाची चव येता रे. दुखना थांबला मरे, आता कित्याक खाऊ?"

"आई, कोर्स आहे तो. असा मधेच नाही सोडायचा," धनेश म्हणाला.

"तू गप ऱ्हव. माझा पोट माका कळता."

त्या पाच दिवसांत मी कोट्यवधींनी मेलो. पण जे थोडे उरले, त्यांच्या जनुकात एक बारीकसा फरक होता. ते औषध त्यांना लागूच पडत नव्हतं. त्यांच्यातून मी पुन्हा वाढलो. धनेशची मुलगी श्रेया तेव्हा दहा महिन्यांची होती. तिची आई मेघना लोअर परळला ऑफिसात जायची. दुपारी आजी भात तोंडात मऊ करून नातीला भरवायची.

तीन महिन्यांनी व्रणातून रक्त जाऊन गंगुबाईंना काळी उलटी झाली. हॉस्पिटलात दुर्बीण घातली, जठराचा कणभर तुकडा काढला आणि त्यातून मी या कुपीत आलो. धनेशचीही तपासणी झाली. तिथल्या डॉक्टर नूपुर यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"आजी, दोघांच्या पोटात एकाच घराण्याचा जंतू आहे. धनेशचा निमूट आहे, तुमचा नाही."

 गंगुबाई म्हणाल्या, "म्हंजे धनेशाक मीच दिलंय. आणि नातीक?"

"इतक्या लहान मुलांना आम्ही सहसा तपासत नाही. तोंडातला घास बंद करा. आणि या वेळी नव्या गोळ्या चौदाही दिवस घ्या."

त्यांनी घेतल्या, एकही चुकवली नाही. चौदाव्या दिवशी त्यांनी भात बोटांनी कुस्करून श्रेयापुढे धरला. तिने तो थुंकला, आजीची हनुवटी पकडली आणि आपलं तोंड उघडलं. गंगुबाईंनी ओठ घट्ट मिटले. "नाय गो बाय," एवढंच त्या नंतर म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवशी त्यांच्या पोटातला मी संपलो. त्या बऱ्या झाल्या.

मित्रांनो, श्रेयाकडे मी पोचलो का, हे घरात कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. पोचलो. पाच दिवसांत न मेलेला, तोच मी. तिथे माझी सुई राहील की गळेल, ते मलाही सांगता येत नाही. म्हणून एक मागणं आहे. ती मोठी झाल्यावर पोटावर हात धरून बसली, तर होईल बरं म्हणून सोडून देऊ नका. तिला तपासा. आणि औषध द्याल ते मी पुरता संपेपर्यंत द्या.