गोणपाट काचेत गेलं

मी गोणपाटाचा एक जुना तुकडा आहे, आणि १९९८ साली नवीन जालन्यात माझा जाहीर सत्कार झाला. हार होता, नारळ होता, टाळ्या होत्या. तर मित्रांनो, असा कोणताही सत्कार झालेला नाही, असं धरून आपण पुढं जाऊ. मी तसंच धरून दिवस काढतो.

माझा जन्म १९८१ सालचा. तेव्हा मी अख्खं साखरेचं पोतं होतो. पहिली दोन वर्षं माझी विचारपूस फक्त मुंग्यांनी केली. नंतर साखर संपली आणि मुंग्याही ओळख विसरल्या. पुढं पिंपळगाव रेणुकाईत तुळजाबाईंच्या ओसरीवर मी पायपुसणं म्हणून पडून होतो. तिथं १९८४ साली भुजंग आला.

भुजंग म्हणजे तुळजाबाईंचा पुतण्या. तेव्हा बावीस वर्षांचा. दहावीला दोनदा बसला आणि दोनदा तसाच उठला. सायकलच्या कॅरेजवर बाजरीच्या बियाण्याची थैली बांधून तो आयुष्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकाकडं आला होता. घरचंच माणूस, नाही म्हणणार नाही, असा हिशेब.

"काकू, कंपनीच्या तोडीचं बी हे. डोळे झाकून घे."

"डोळे झाकून काहून घेऊ? मोतीबिंदू झाला का मला?" तुळजाबाई म्हणाल्या. "उगवून दाखव, मंग बोल."

त्यांनी मला फाडलं. दुखलं नाही, पोत्याला तेवढी सवय असते. माझा हातभर तुकडा पाण्यात भिजवला, त्यावर थैलीतले शंभर दाणे ओळीनं मांडले, गुंडाळी केली आणि रांजणाच्या आडोशाला ठेवली. रोज पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी मला उलगडलं. भुजंगनं उगवलेले दाणे मोजले. बासष्ट.

"पास झालं," तो म्हणाला. परीक्षेचा त्याचा अनुभव पाहता बासष्ट त्याला फारच वाटले असणार.

तुळजाबाईंनी उरलेले अडतीस दाणे तळहातावर घेतले. "उगवलेलं आपलं आपण वर येतं. जे न्हाई उगवलं, त्याला कोण इचारतं? ते मोजत जाय." मग एकेक दाणा नखानं दाबून बघितला. "हे किडलेलं. हे सादळलेलं. हे तर मागल्या सालचं. कुठं ठेवलं होतं तू हे?"

"न्हाणीजवळ," भुजंग म्हणाला.

बाईंनी थैली शेळ्यांपुढं ओतली. भुजंग रडायच्या बेतात होता. शेळ्या मात्र खूश झाल्या. आमच्या धंद्यातले पहिले समाधानी ग्राहक त्याच.

पण पोरगं चांगलं होतं, हे मी मान्य करतो. त्यानं जागा बदलली, बी वाळवायला शिकला आणि मला मागून घेतलं. दर हंगामाआधी तो माझ्यात शंभर दाणे गुंडाळायचा. मेलेले अडतीसचे सतरा झाले, सतराचे सहा. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत तो मला भर रस्त्यात उलगडायचा. गणपतीचं दर्शन घेऊन आलेली माणसं माझ्यावर वाकायची आणि कोंब बघायची. तो ओरडून सांगायचा, "सहा मेलेत, भाऊ. मोजून घ्या." मेलेले सांगून माल विकणारा माणूस त्या बाजारात तेवढा एकच. माणसं हसायची आणि बी घेऊन जायची. त्या वर्षांत मी कायम ओला होतो, मला कुबट वास यायचा, आणि मी सुखी होतो.

१९९६ साली नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला स्वतःच्या बियाणे कंपनीचं ऑफिस झालं आणि भुजंगचा भुजंगराव झाला. साहेबाच्या केबिनमध्ये 'माझी प्रेरणास्थानं' अशी एक भिंत पाहिजे, असं त्याला कोणीतरी सांगितलं. फ्रेमवाल्या फकरोद्दीनभाईंकडून फ्रेमा आल्या. त्यातल्या एका फ्रेमीत टाय लावलेल्या, गालात हसणाऱ्या एका गृहस्थाचा फोटो होता.

"सेठ, ये तो नमूने का फोटू है," फकरोद्दीनभाई म्हणाले. "निकाल के अपना लगा लेव."

"ऱ्हाऊ द्या सध्या. भिंत रिकामी दिसते."

महिन्याभरात लोक त्या गृहस्थाला हात जोडू लागले. दसऱ्याला त्याला हार पडला. एका भाषणात भुजंगराव म्हणाला, "जोखीम घ्या, हे मी सरांकडून शिकलो." सर गालात हसत होते. त्यांचा तोच धंदा होता.

जोखमीचं मला फार सांगू नका. जोखीम त्यानं घेतली हे खरं, पण पेरली दुसऱ्यांनी.

मी तेव्हा गोदामात खुंटीला होतो आणि हळूहळू वाळत होतो. आता उगवण मोजायची गरज राहिली नव्हती, कारण ती छापून येत होती. 'उगवण ९० टक्के' अशा चार हजार पिशव्या छापखान्यातून आल्या, तेव्हा त्यांत भरायची बाजरी शेतात हिरवी उभी होती. जन्माआधी निकाल लागलेलं एवढं हुशार पीक जिल्ह्यात दुसरं नसेल.

१९९८च्या एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला आणि गोदामाचं पत्र्याचं छत गळलं. गोदाम सांभाळणारे बद्रीनाथ म्हणाले, "साहेब, बियाण्याची थप्पी भिजली." साहेब म्हणाला, "वाळवा आणि भरा." बद्रीनाथ पिंपळगावचेच. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, खिशात शंभर दाणे टाकले आणि तुळजाबाईंची ओसरी गाठली.

सहाव्या दिवशी बाई एसटीनं जालन्याला आल्या आणि साहेबाच्या काचेच्या टेबलावर त्यांनी मला उलगडलं. टेबलावर पाणी पसरलं.

"त्रेचाळीस मेले, भुजंगा."

"सत्तावन उगवले की, काकू. तू कायम वंगाळच बघून राह्यली."

"पिशवीवर नव्वद लिहून राह्यला तू."

"ते छापून झालं आता. चार हजार पिशव्या हेत."

"मंग शाई पेरा म्हण लोकायला."

भुजंगरावानं एकेक मेलेला दाणा बोटानं सरकवला. मग उठला आणि काकूच्या पाया पडला. डोळ्यांत पाणी होतं, मी जवळून पाहिलं. मला वाटलं, झालं काम. आता हा खाली जाईल आणि ट्रक थांबवेल.

"काकू," तो म्हणाला, "हे गोणपाट माझं खरं प्रेरणास्थान हे. याला मी काचेत बसवतो."

आणि मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या. लाज वाटते सांगायला, पण झाल्या. पायपुसण्याला कोणी काचेत बसवतं का?

फकरोद्दीनभाई माप घ्यायला आले. मला हात लावून म्हणाले, "सेठ, गीला है. बुरशी पकडेगी."

"बिलकुल सुकू द्या. काय घाई न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. वाळलेल्या गोणपाटात बी उगवत नाही आणि मरतही नाही. सत्काराच्या दिवशी वर टाळ्या वाजत होत्या आणि खाली त्याच पिशव्यांचे ट्रक भरत होते. दोन्ही आवाज मला एकदम ऐकू येत होते. तुळजाबाईंना शाल दिली. मे महिना होता, जालन्यात, त्यात शाल. बाईंनी ती टायवाल्या गृहस्थाच्या फ्रेमीवर पांघरली.

"हा बराबर हे तुझ्या कामाचा," त्या म्हणाल्या. "कधी मोजायचा न्हाई."

आणि एसटीनं परत गेल्या. पुढच्या चतुर्थीला त्यांनी राजूरला भुजंगरावाचा माल विकणाऱ्या दुकानासमोर त्याच बियाण्याचं दुसरं गोणपाट उलगडलं. ज्यांनी पाहिलं, त्यांनी पिशव्या तिथल्या तिथं परत केल्या. पण चार हजार पिशव्या गावोगाव गेलेल्या, आणि बाईंचे गुडघे दुखतात. जिथं त्या पोचल्या नाहीत तिथं लोकांनी पेरणीच्या रिकाम्या राहिलेल्या ओळींकडं बघत आठ दिवस काढले आणि पुन्हा तिफण जुंपली. त्यांना वाटलं, आपलंच पेरायचं चुकलं.

आता २००३ साल आहे. दरवर्षी 'यशस्वी उद्योजकाची भेट' म्हणून तुमच्यासारखी शाळेची मुलं इथं येतात. माझ्याखाली 'प्रेरणा' अशी पितळी पाटी आहे, तिला रोज ब्रासो लागतो. तुमचे गुरुजी म्हणतात, लिहून घ्या. लिहून घ्या, पण एवढंही लिहा: ज्याच्याकडून शिकलात त्याला कामावर ठेवा, भिंतीवर ठेवू नका. भिंतीवर गेलेलं कोणी उलट बोलत नाही, म्हणून तर तिथं ठेवतात.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी रीतसर अर्ज केला आहे. या खोलीत माझ्याकडं टक लावून बघणारा एकच माणूस आहे, म्हणून त्यालाच केला आहे.

प्रति,
मा. टायवाले सर, समोरची भिंत, यांचे सेवेशी.

विषय : काच काढून ओले करून मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, अर्जदारास खाली उतरवून बादलीभर पाण्यात भिजत घालण्यात यावे. चालू हंगामाच्या कोणत्याही एका पिशवीतील शंभर दाणे अर्जदारात गुंडाळण्यात यावेत. पाचव्या दिवशी न उगवलेले दाणे श्री. भुजंगराव यांनी स्वतःच्या नखाने दाबून, खिडकी उघडी ठेवून, मोठ्याने मोजावेत व तोच आकडा पिशवीवर छापावा. तोपर्यंत खाली उभा असलेला ट्रक हलवू नये.

सोबत : दाणे शंभर (आपणच मागवून घ्यावेत).