चारही कोपरे जमिनीला

राजश्रीची सासू दगडाबाई पडल्या, त्या सुनेनेच विणलेल्या सतरंजीवरून.

दिंद्रुडच्या त्यांच्या घरात नुकत्याच फरश्या बसल्या होत्या. पांढऱ्या, गुळगुळीत, वाकून बघितलं तर तोंड दिसेल अशा. मधल्या खोलीत राजश्रीने आपली निळी-तांबडी सतरंजी अंथरली होती आणि शेजारची छबुबाई ती बघायला आली होती. दगडाबाई चहाची कपबशी घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. अंगठा सतरंजीच्या उचललेल्या कोपऱ्यात अडकला. त्या सावरायला गेल्या, तर अख्खी सतरंजीच पायाखालून पुढे पळाली. कप एकीकडे, बशी एकीकडे, आणि उजवं मनगट मोडलं.

माजलगावच्या दवाखान्यातून प्लास्टर घालून येताना दगडाबाई रिक्षात म्हणाल्या, "फरशीच वंगाळ हाय. तुझ्या सतरंजीचा काय दोष न्हाई, पोरी."

तो कोपरा राजश्रीने रोज बघितला होता. दोन बोटं वर उचललेला. येता-जाता पायाने दाबायची आणि पुढे जायची.

अंबाजोगाईला तीन महिने विणकाम शिकून आल्यावर तिने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माग टाकला होता. वर्षभरात गावात अकरा सतरंज्या गेल्या होत्या. परळीला वत्सलाबाई नावाच्या निवृत्त नर्स म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र चालवत. त्यांनी मोठ्या दालनासाठी चौदा सांगितल्या होत्या. राजश्रीने त्याच संध्याकाळी त्यांना फोन लावला.

"जय भीम ताई. सतरंज्या आत्ता देता येणार नाहीत."

"का गं? सूत मिळेना का?"

"सूत आहे. सतरंजी सरकते. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, पडल्या तिच्यावरून."

वत्सलाबाई म्हणाल्या, "पडलेली माणसं उचलण्यातच माझी नोकरी गेली. हे आपणहून सांगणारी तू पहिली भेटलीस. दुरुस्त कर, मग आण. मी थांबते."

दुसऱ्या दिवसापासून राजश्री दारोदार फिरून विकलेल्या सतरंज्या परत मागू लागली. "चांगली करून देते, तवर अंथरू नका," एवढंच सांगायची. कुणी हसलं, कुणी निमूट गुंडाळून दिली. अडले फक्त विठ्ठलराव. गावातलं मोठं घर, दिवाणखान्यात टीपॉयखाली तिची सर्वांत मोठी सतरंजी.

"आमच्याकडं कोणी पडलं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या घरचं तुझ्या घरी बघ."

"अण्णा, इथं कोणी पडल्यावर मला सांगून काय उपयोग?" राजश्री म्हणाली. "बायनाआजी काठी टेकत ह्याच खोलीतून जातात न्हाई का?"

आतून विठ्ठलरावांच्या आईचा, बायनाबाईंचा आवाज आला. "दे की रे तिची तिला. माझा पाय दोनदा अडकलाय. तुला सांगितलं न्हाई एवढंच."

विठ्ठलरावांनी स्वतः टीपॉय उचलून बाजूला ठेवला.

अकराही सतरंज्या पत्र्याच्या खोलीत आल्या. राजश्रीने एकेक मधल्या खोलीतल्या फरशीवर टाकली आणि पोटावर पालथी पडून, गाल जमिनीला लावून कोपरे बघितले. एकही सतरंजी चारही कोपऱ्यांनी टेकत नव्हती. खोडी दोन होत्या. कोपरा उचलायचा, म्हणून पाय अडकायचा. आणि खाली पकड नव्हती, म्हणून पाय अडकला की सतरंजी पळायची. एक सुटली आणि दुसरी राहिली तर उपयोग नव्हता.

आधी कोपरे घेतले. सतरंजीच्या कडा सुतासारख्या सरळ याव्यात म्हणून ती आडवा धागा कडेला ताणून ओढायची. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच सरळ कडांचं कौतुक केलं होतं. तोच ताण सतरंजी मागावरून उतरली की कडा आत ओढायचा. जिचा इतका अभिमान बाळगला तीच कड चुकीची निघाली, हे मनाला पटवायला तिला दोन दिवस लागले. मग ती धागा कमानीसारखा सैल सोडून ठोकायला शिकली. सूत आधीच भिजवून, वाळवून घेऊ लागली, म्हणजे धुतल्यावर आटायला नको. नव्या सतरंजीच्या कडा बसल्या. तरी समोरासमोरचे दोन कोपरे उचलायचेच.

दगडाबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शेजारी बसलेल्या असत. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. उमेदीची वर्षं ऊसतोडीत आणि उरलेले महिने नवऱ्याबरोबर अंबाडीचे दोर वळण्यात गेलेली. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने सुताची लड उचलली, एक जाड धागा सुटा केला आणि एक टोक प्लास्टरबाहेरच्या बोटांत धरून दोन्ही टोकं जवळ आणली. धागा आपोआप स्वतःभोवती गुंडाळला.

"हे बघ. ह्याला एका अंगालाच पीळ हाय. समद्या सतरंजीत असाच घातलाय का?"

"हो. चरख्यावर पाच पदर एकत्र वळते ना मी. चाक एकीकडंच फिरतं."

"मग गप कशी पडंल ती? समदे धागे मिळून तिला एकीकडंच पिळायलेत. दोराचा एक पदर एकीकडं ओढत आसंल, तर त्याला दुसरीकडं ओढणारं कायतरी लागतं. तवाच दोर हातात गुमान बसतो."

राजश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. "आत्या, हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तू कधी इचारलं? तू शिकून आल्ती."

राजश्रीने त्याच दुपारी अर्धं सूत चाक उलटं फिरवून वळलं. विणताना एक ओळ उजव्या पिळाची, पुढची डाव्या पिळाची. आठ दिवसांनी सतरंजी उतरवली, तीनदा धुतली, वाळवली आणि फरशीवर टाकली. मग लग्नाची एक जुनी पत्रिका घेऊन कोपऱ्याखाली सारायला गेली. पत्रिका आत जाईना. चारही कोपऱ्यांना फिरली, कुठेच जाईना. छबुबाईला हाक मारून तिलाही करायला लावलं. छबुबाईने नेटाने घुसवली तेव्हा पत्रिकाच दुमडली.

आता पकड. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावून बघितल्या. सतरंजी जागची हलेना, पण फरशीवर काळे फराटे उमटले. मग रबराचं द्रावण आणून सगळ्या पाठीला फासलं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ते वाळलं, तडकलं आणि पापडासारखं गळायला लागलं. राजश्री झाडूने ते गोळा करत होती तेव्हा नवरा पवन सुटीवर घरी आला. तो परळीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. पिशवीतून त्याने कामावरचे हातमोजे धुवायला काढून ठेवले. पांढरे सुती, तळहाताला रबराचे बारीक ठिपके असलेले.

राजश्रीने एक मोजा हातात घालून फरशीवर तळवा सरकवला. तो जागीच थांबला.

"सगळीकडं फासायचंच कशाला," ती स्वतःशीच म्हणाली. "ठिपके पुरेत."

माजलगावच्या हार्डवेअरच्या दुकानात खिडक्यांच्या फटी बुजवायचं सिलिकॉन मिळतं. त्याच्या नळ्या आणल्या. पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून साचा केला आणि त्यातून सतरंजीच्या पाठीवर ठिपके उमटवले. कडेला ठिपके दाट, मध्ये विरळ. सिलिकॉन उन्हाने तडकलं नाही, फरशीला डाग पडला नाही, धुतल्यावर सुटलं नाही. पवनने सतरंजीवर उभं राहून पाय घासले, धावत येऊन थांबून बघितलं. हलली नाही.

"झालं की आता," तो म्हणाला.

"न्हाई. परळीला नुसती फरशी नसते, वर वीज केंद्राची राख बसलेली असते. अहो, पुढच्या बारीला येताना पिशवीभर राख आणा."

"राख? लोक तिथून राख झटकून घरी येतात, अन् तू मागवतीस?"

पण आणली. राजश्रीने ती बारीक राख फरशीवर भुरभुरली, वर सतरंजी टाकली, आणि पायाने ढकलताच ती चांगली वीतभर सरकली. छबुबाईने तोंडाला पदर लावला. राजश्रीने सतरंजी उलटी केली. बारीक ठिपक्यांमधली जागा राखेने भरून पाठ सपाट झाली होती. तिने नवा साचा केला: ठिपके मोठे, उंच, आणि मध्ये बोटभर अंतर, म्हणजे धूळ फटीत जाईल आणि ठिपका फरशीला टेकेल. सतरंजीही जड केली, दुहेरी धाग्याची. पुन्हा राख, पुन्हा ढकलणं. या वेळी पवन जोर लावून लाल झाला.

तोवर दगडाबाईंचं प्लास्टर निघालं होतं. "आता म्या चालते," त्या म्हणाल्या. राजश्री हात धरायला पुढे झाली.

"हात सोड. हात धरून तर कशावरून बी चालता येतं."

त्या चालल्या. सतरंजीच्या कडेवर मुद्दाम पाय घासला. मध्यावर थांबून दोनदा टाचा आपटल्या. मग कमरेवर हात ठेवून गरकन वळल्या. "दे धाडून परळीला," त्या म्हणाल्या. "अन् पहिली बायनाबाईला."

पहिली सतरंजी घेऊन राजश्री विठ्ठलरावांच्या घरी गेली. बायनाबाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तशाच चालत टीपॉयपर्यंत गेल्या. विठ्ठलराव म्हणाले, "आजून दोन लागतील, राजश्रीताई." इतकी वर्षं ते तिला नुसतं "पवनची बायको" म्हणत आले होते.

गावातल्या उरलेल्या दहाही नव्याने विणून घरोघर पोचल्या. चौदा सतरंज्या घेऊन टेम्पो परळीला गेला तेव्हा दगडाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. केंद्राच्या दालनात काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. वत्सलाबाईंनी नर्सच्या सवयीने एकेक तपासली. कोपरे बोटाने उचलायला बघितले. कडेला पाणी सांडलं. वॉकर घेऊन स्वतः गेल्या आणि आल्या. मग त्यांनी हरिबांना बोलावलं. हरिबांची डावी बाजू गेलेली. पाय उचलता येत नसे, ओढावा लागे. सहा महिने ते भिंतीच्या कठड्याला धरूनच फिरत होते.

"मधून चालायचं?" हरिबांनी विचारलं.

"मन असेल तरच," राजश्री म्हणाली.

ते निघाले. ओढलेला पाय पहिल्या सतरंजीच्या कडेशी आला. पाय कडेवरून तसाच वर चढला. पहिली, दुसरी, तिसरी. सातव्या सतरंजीवर ते थांबले, तेव्हा राजश्रीला वाटलं दमले. ते दमले नव्हते. भोवती बघत होते. दालनाच्या मधोमध उभं राहून कित्येक दिवसांत त्यांनी काही बघितलंच नव्हतं. मग उरलेल्या सात चालून ते पलीकडच्या खिडकीशी पोचले. "झक्कास," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला चांगला हात वर केला.

वत्सलाबाईंनी सगळ्यांना गोलात बसवलं आणि विचारलं, "हा नमुना कोणी काढला?"

एरवी राजश्रीने "आम्ही बायांनी मिळून" असं काहीतरी म्हटलं असतं. आज ती उभी राहिली.

"मी काढला," ती म्हणाली. "कसा, ते सांगते." आणि तिने एक सतरंजी उचलली, उलटी केली आणि आधी तिची पाठ सगळ्यांसमोर धरली.