सुलाबाईच्या पानाला कावळा

सांगून कुणाला पटायचं नाही, म्हणून परक्या माणसाला मी सांगतच नाही; पण आमच्या माधवनगरच्या मैदानावर वर्षातली एक मॅच कावळा सुरू करतो. रेफ्रीच्या तोंडात शिट्टी असते, पण ती नुसती शोभेला. सर्वपित्री अमावास्येला दोन्ही संघ मैदानात उतरतात, चेंडू मधल्या वर्तुळात ठेवतात आणि सगळे गडी माना वर करून आभाळाकडं बघत राहतात. एके वर्षी कावळ्याला यायला इतका उशीर झाला, की आमच्या सेंटर फॉरवर्डला उभ्या उभ्या दाढी आली. विचारा कुणालाही. किंवा नको, विचारू नका.

रीत अशी आहे. गिरणी चालू होती तेव्हापासूनचा आमचा फुटबॉल क्लब. गिरणी बंद पडली, भोंगा गेला. मैदान आणि कडेच्या दगडी पायऱ्या तेवढ्या राहिल्या. त्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी जन्मभर घसा फोडला, ती माणसं मेल्यावर दुसरीकडं कुठं जाणार? म्हणून त्या दिवशी ज्याची त्याची बसायची जागा फडक्यानं पुसून घरचे लोक तिथं पान मांडतात. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, शिवाय ज्याला जे आवडायचं ते. नाथाजी रेफ्रीचं पान मधल्या रेषेपाशी असतं, त्यात तंबाखूची चिमूट. अर्जुना डाव्या बगलेनं पळायचा, त्याचं पान कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ. पहिल्या पानाला कावळा शिवला की शिट्टी होते. बाकीच्या पितरांना मॅच संपेपर्यंत मुदत. ज्याच्या पानाला कावळा शिवत नाही त्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते. मग घरचे पानापुढं बसून कबूल करतात, म्हस विकत न्हाई, भावाशी बोलतो, दारू सोडतो. घाटावर कावळा आलाच नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात. मैदानावर तसलं चालत नाही. तो फाउल धरतात.

आणि ही मॅच दरसाल लोणंदच्या संघाशीच असते.

माझी बायको सुलाबाई लोणंदची. बाप रेल्वेत, घर रुळाच्या कडेला, त्यामुळं आवाज असा, की मालगाडी जात असली तरी पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. लग्न होऊन माधवनगरात आली, माझ्या नावाचं कुंकू लावलं, आणि आमच्याच पायऱ्यांवर आमच्याच माणसांत बसून लोणंदच्या नावानं ओरडायला लागली. मी तेव्हा क्लबाचा सेंटर हाफ. माझी लाथ अशी, की एकदा मारलेला चेंडू वर गेला तो पुढच्या रविवारी खाली आला. सगळं माधवनगर टाळ्या पिटत होतं. ही एकटी उठून म्हणाली, "आउट हाय!"

गेल्या वर्षीच्या श्रावणात ती गेली.

पोरगा वीरधवल पलटणीत, पार वर बर्फाच्या अंगाला. निरोप त्याच्या चौकीवर पोचला, तो खाली उतरला, गाड्या बदलत आला, तोवर दहावा होऊन गेला होता. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा झाडावर बसून राहिला. दुपार कलली तरी हलला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. पोरानं उंबऱ्याबाहेर बूट काढता काढता पहिलं हेच विचारलं, "आबा, कावळा शिवला का?" घरातले सगळे खाली बघायला लागले. त्यानं हातपाय धुतले, आईच्या फोटोपुढं बसला, आणि रजा संपल्यावर गेला.

तेव्हापासून त्याचा फोन आला की हवापाणी होतं, ऊस कसा आहे ते होतं, आणि मग एका ठिकाणी तो गप्प बसतो. यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर त्यानं सुनेला, दीपमालाला, सांगून ठेवलं होतं, "मैदानावर आईचं पान मांडा. शिवला का तेवढं सांगा मला."

दीपमाला विश्रामबागला कॉलेजात शिकवते. त्या दिवशी रजा टाकून तिनं पहाटेपासून वडे तळले. सुलाची जागा मधल्या रेषेच्या जरा अलीकडं, लिंबाच्या सावलीत. मी धोतराच्या सोग्यानं पायरी पुसली. दगड तिथं जरा गुळगुळीत झालाय. की मलाच तसं वाटतं कोण जाणे.

नाथाजीच्या पानावर कावळा दणकन उतरला. मेल्यावरही त्याला सगळ्यांच्या आधी मैदानात यायची घाई. शिट्टी झाली, मॅच सुरू झाली. मग अर्जुनाच्या पानाला शिवला. मग गिरणीतल्या जुन्या लोकांच्या पानांना एकामागून एक. सुलाच्या पानावर माशी तेवढी बसत होती.

मी पानापुढं बसलो. म्हटलं, "सुला, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालतो. बिडी सोडली." लिंबावरचा कावळा मान वाकडी करून बघत राहिला. "बरं, सोडली न्हाई, कमी केली." तरी नाही.

"मामा, आवं खरं तरी बोला निदान," दीपमाला म्हणाली आणि स्वतः हात जोडले. "आत्याबाई, तुमच्या पातळांची गोधडी शिवायला घेतलीय. एकही फाडून टाकलं न्हाई." कावळा फांदी बदलून बसला.

अर्ध्या वेळात लोणंदचा कप्तान जयराज आला. सुलाच्या भावाचा पोरगा. अंगावर चिखल, तसाच उकिडवा बसला. "आत्ती, दुसऱ्या हाफात तुझ्यासाठी गोल मारतो. शब्द हाय."

मी उठलो तो थेट आमच्या गोलकीपरपाशी, पृथ्वीराजपाशी. "गड्या, एक गोल जाऊ दे."

"आबा, डोकं फिरलंय का तुमचं? लोणंदला?"

"अरं लोणंदला न्हाई. तुझ्या काकीला."

पृथ्वीराज माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी त्याचा गुडघा फुटला की सुलाच हळद भरायची, आणि भरताना म्हणायची, "तुमच्यात कीपरच न्हाई, तर गुडघा कशाला फोडून घेतोस?" दुसऱ्या हाफात जयराजनं चेंडू मारला उजवीकडं आणि आमचा गडी डावीकडं असा झेपावला, की थेट मिरजेला जातो की काय वाटावं. गोल! लोणंदवाले नाचले. आमचे लोक पृथ्वीराजच्या सात पिढ्या उद्धरायला लागले. आणि खरंच, कावळा लिंबावरून उतरला.

पायरीवर बसला. दोन उड्या मारत पानाजवळ आला. दीपमालानं माझं मनगट घट्ट धरलं. कावळ्यानं पानाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, पानाला वळसा घातला आणि उडून गोलाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसला.

कुणाच्या नावाचा घास अडलाय ते मला कळत होतं, दीपमालालाही कळत होतं. सुलाला शेवटी फार बोलता येत नव्हतं. दाराकडं बघायची तेवढी. दाराशी कुणी आलं की मान उचलायची, आणि परत ठेवायची.

मॅच संपली. रीतीप्रमाणं राहिलेली पानं गाईला द्यायची असतात. राहिलेलं पान एकच होतं. गाय पायऱ्यांखाली येऊन उभीच होती. तेवढ्यात दीपमालाचा फोन वाजला. चौकीवरनं नंबर लागला म्हणजे पोरगं किती वेळ रांगेत उभं असणार. तिनं नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुमीच सांगा, मामा. मला जमायचं न्हाई."

"आबा?" पलीकडं वारा नुसता घोंगावत होता. "झाली का मॅच?"

"झाली रं. तुझ्या मामाच्या पोरानं गोल मारला."

"आईच्या पानाला शिवला का?"

मी गाईकडं बघितलं, पानाकडं बघितलं. वड्याची कडसुद्धा मोडली नव्हती.

"शिवला म्हंजे?" मी म्हटलं. "अरं, एक न्हाई, पलटण आली कावळ्यांची! म्होरक्या असा दांडगा, की त्याच्या सावलीत आमचा अख्खा बॅक बसला असता. आधी वडा उचलला, मग खिरीत चोच घातली, मग भोपळ्याची भाजी बाजूला सारली. तुझ्या आईला कवा आवडली होती ती? जयराजचा गोल झाला तवा दांडीवर बसून असा बोंबलला, की रेफ्रीनं त्याला पिवळं कार्ड दाखवलं."

पलीकडं वारा. पोरगा हसला नाही. एरवी पिवळ्या कार्डाला तरी हसला असता. दीपमाला तोंडाला पदर लावून उभी होती. मी आणखी रेटलं.

"आणि जाताना उत्तरेकडं तोंड करून गेला बघ. तुझ्याकडंच निघालाय. दोन दिसांत पोचंल तिथं. तेवढी जरा शेकोटी करून ठेव, बिचाऱ्याकडं स्वेटर न्हाई. आई म्हणाली असंल, पोरगं जेवलं का बघून ये. अन् तू जेवलास तर तसं सांग त्याला, म्हंजे तो परत येऊन—"

"आबा."

"काय रं?"

"शिवला न्हाई त्यो."

"अरं मी हितं डोळ्यानं—"

"खोटं बोलताय तुमी. आईच्या पानाला शिवला असता, तर तुमाला बोलायलाच आलं नसतं." वाऱ्यात त्याचा आवाज मध्येच तुटला, पुन्हा आला. "पान उचलू नका अजून. फोन तसाच चालू त्या पायरीवर ठिवा, आईजवळ."