गोटीरामबाबांनी न सांगितलेलं दुखणं

मित्रांनो, मी सोनोग्राफीचा एक जुना डबा आहे. डबा म्हणवून घ्यायला मला आवडत नाही, पण हल्ली सगळे मला तेच म्हणतात. त्र्याण्णव साली मी नाशिकला, इंदिरानगरच्या एका दवाखान्यात आलो, तेव्हा मला हार घातला होता आणि पेढे वाटले होते. न कापता माणसाच्या आतलं दिसतं, म्हणून लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. कानाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात सोडायचो आणि तो परत आला की पडद्यावर काळं-पांढरं चित्र उमटवायचो. मात्र डॉक्टर माझी मूठ, म्हणजे वायरीला जोडलेला हातात धरायचा भाग, जिथं टेकवतील, तेवढंच मला दिसायचं.

एकदा मखमलाबादहून गोटीरामबाबा आले. त्यांची फुलांची शेती होती. मुलगा भारत झेंडू घेऊन बाजारात गेला होता, म्हणून सून छाया त्यांना घेऊन आली होती. बाबांना लघवी अडत होती, रात्री उठून उठून जीव मेटाकुटीला आला होता. पण सुनेपुढं हे बोलायचं कसं? वाटेत तिच्यासमोर रिक्षा थांबवावी लागू नये, म्हणून त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. हे सगळं मला फार पुढं कळलं.

"लघवीचा काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी पिशवी धरून उभ्या असलेल्या छायाकडे पाहिलं. "नाय साहेब. पोटात दुखतं, हितं वर."

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची लहानशी ग्रंथी असते. लघवी साठलेली नसली की ती मला नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "पाणी पिऊन तासभर थांबा, खालचंही बघू."

"राहू द्या. खाली आपलं काय नाय."

वरचं सगळं चांगलं निघालं. छाया हसत घरी गेली. मीही खूश होतो.

दीड वर्षानं बाबा पुन्हा आले, ते भारतच्या खांद्याला धरून. अंगावर सूज होती. या वेळी डॉक्टरांनी माझी मूठ खाली नेली. प्रोस्टेट मोसंबीएवढी फुगली होती. लघवी मागं तुंबून दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी मूठ जागेवर ठेवली. मग भारतला म्हणाले, "तेव्हाच दिसलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. फार तर ऑपरेशन."

त्यांच्याबरोबर आलेली छाया दाराच्या पडद्याआड उभी होती, ती रडत आत आली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामा, मला सांगायचं ना! मी काय परकी हाय का? लेकच ना तुमची?"

"लेक म्हणूनच नाय सांगता आलं, पोरी," बाबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात बाबा गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यानंतर डॉक्टर आधी घरच्यांना बाहेर बसवायचे आणि मगच विचारायचे. तेव्हा कितीतरी आजोबा हळूच खरं बोलले आणि वेळेवर उपचार होऊन बरे झाले.

पुढं रंगीत पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मला अडगळीच्या खोलीत ढकललं. माझ्यावर कुणी फडकंही मारत नाही. त्याचं मी मनाला लावून घेत नाही. पण मित्रांनो, तुमचे आजोबा रात्री सारखे उठत असतील तर त्यांना हसू नका, घरात मोठ्यांच्या कानावर घाला. आणि दवाखान्यात त्यांच्याबरोबर गेलात, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच उठून बाहेर बसा. तुमच्यावर त्यांची फार माया असते, म्हणूनच तुमच्यासमोर त्यांना ते बोलवत नाही.