तेरा भोकांची चकती

तेरा हा काय आकडा आहे का हो? बारा असती तर धाकटीने हसत हसत पाडली असती! पण गिऱ्हाइकाच्या जुन्या यंत्राला तेरा भोकांचीच चकती लागत होती, सगळी भोकं सारख्या अंतरावर, आणि कोरी चकती होती एकच.

"बाहेर देऊ," दादा म्हणाला. वर्कशॉप दोघा भावंडांचं, पण मिलिंग मशीनला हात फक्त त्याचा. धाकटी आपली चार वर्षं कानस घासतेय.

"मी करते. जमलं, तर उद्यापासून मशीन माझं."

"आणि चकती वाया घालवलीस तर?"

"तर जन्मभर कानस घासेन, बस्स!"

तिने खडूने फरशीवरच हिशेब मांडला. चकती धरून मोजून फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडचं हँडल चाळीस फेरे फिरवलं की चकती एकदा पुरी फिरते. चाळीसला तेराने भागलं, तीन फेरे आले आणि वर एक तेरांश. हँडलमागच्या प्लेटवर एकोणचाळीस भोकांचं वर्तुळ होतं, त्यात एक तेरांश म्हणजे तीन भोकं. आहे काय नि नाही काय!

ड्रिल लावण्याआधी नुसत्या खुणा करून बघायची तिची सवय, म्हणून वाचली. चकतीला निळी शाई फासून ती दर वेळी तीन फेरे, तीन भोकं मोजत मशीनला लावलेल्या सुईने खूण करत गेली. तेराव्यांदा फिरवल्यावर सुई पहिल्या खुणेवर यायला हवी होती. ती चांगली पाच मिलिमीटर अलीकडेच अडली.

"झाली हौस?" दादाने फोन काढला.

तिने हिशेब पुन्हा केला, उत्तर तेच. मग तिने प्लेटवर बोट ठेवून मोजलं आणि कपाळावर हात मारला. हँडलची पिन ज्या भोकात आधीच बसलेली, तेच ती 'एक' धरत होती! म्हणजे दर वेळी पुढे सरकत होती दोनच भोकं.

"अगं बावळटे, उभी आहेस ते पाऊल कशाला मोजतेस!" ती स्वतःवरच ओरडली.

शाई पुन्हा फासली. अकरा... बारा... तेरा! सुई पहिल्या खुणेत अलगद जाऊन बसली.

"दादा! ए दादा! ठेव तो फोन, इकडे ये आधी!"

दादा आला, चष्मा लावून वाकला, कितीतरी वेळ वाकूनच राहिला. तेराच्या तेरा भोकं पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग चकती सोडवून घेतली, धाकटीच्या टेबलावरची गोल कानस उचलली आणि गुपचूप भोकांच्या कडा घासायला बसला.

"हलक्या हाताने हं, दादा," धाकटी मशीनवरून म्हणाली.