तीन दातांची कवळी

लेफ्टनंट पेगेरोने खिशातून रुमाल काढला, टेबलावरची मेणाची कांडी कोपराने बाजूला सारली आणि रुमालाची टोकं एकेक करून उलगडली. आत वरच्या पटाशीचे तीन दात होते. गुलाबी हिरडीवर बसवलेले, दोन्ही अंगांना तारेचे आकडे. एका दाताचा टवका उडाला होता आणि तारेत वाळलेलं रक्त अडकलं होतं.

"ओळखतेस?"

मिरेयाने हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. पुढच्या दोन दातांमधली केसाएवढी फट तिने स्वतः कानशीने घासून ठेवली होती, दोन वर्षांपूर्वी, गिऱ्हाइकाच्या हट्टापायी. 'फट नसली तर स्वर्गात माझी आई मला ओळखायची नाही,' असं फाबियो मास्तर म्हणाले होते. कवळ्या करणारा तिचा बाप गेल्यावर बाईमाणसाच्या हातून दात करून घ्यायला गावातलं कुणी तयार नव्हतं, तेव्हा पहिले तेच आले होते.

"माझ्या हातची नाही," ती म्हणाली. "मी तार अशी वळवत नाही."

"कुणाच्या हातची ते मी अजून विचारलंच नाही." लेफ्टनंट हसला. "कुणाच्या तोंडातली, ते हवंय."

चार दिवस झाले होते. राजधानीबाहेर, समुद्राकाठच्या रस्त्यावर कुणीतरी साहेबांची गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हापासून रेडिओवर नुसता चर्चचा ऑर्गन वाजत होता. तीस वर्षं देशावर बसलेला माणूस गेला हे साऱ्या सान्तियागो शहराला ठाऊक होतं, पण 'मेला' हा शब्द अजून कुणाच्या तोंडून बाहेर पडला नव्हता. मिरेयाच्या भिंतीवर, सगळ्यांच्या भिंतीवर होती तशी, पितळी पाटी होती: या घरात साहेबच मालक. मिरेया ती रोज पुसायची. हे चार दिवस पुसावी की नाही हेच तिला कळेनासं झालं होतं. चकचकीत दिसली तरी पंचाईत, मळकी दिसली तरी पंचाईत.

"त्या रस्त्यावर सापडली ही," लेफ्टनंट म्हणाला. "झटापटीत कुणाच्या तरी तोंडावर बंदुकीचा दस्ता बसलाय. तेव्हा पटाशी नसलेला पुरुष दिसला की उचलायचा, असा हुकूम आहे. आजच्या खेपेला पाच मिळाले. आणि तुमचे दंतवैद्य बघ, सगळ्यांना एकाच दिवशी ताप भरलाय! म्हणून तुझ्या दारात आलो. एकेकाच्या तोंडात घालून बघ आणि सांग."

त्याने टाळी वाजवली. शिपायांनी पाच जणांना आत आणून भिंतीलगतच्या बाकावर बसवलं.

पहिला निकासिओ, म्हातारा कोळसेवाला. दुसरा क्रिस्पीन, मिरेयाचा धाकटा भाऊ. टांगा हाकायचा, आणि खेचराच्या लाथेने त्याचे पुढचे दात गेले होते. मग बाजारातले दोन हमाल. शेवटी, दाराजवळ, फाबियो मास्तर. त्यांचा वरचा ओठ वांग्यासारखा सुजून जांभळा पडला होता.

"याचं काय झालं?" लेफ्टनंटने विचारलं.

"शिडीवरून पडलो म्हणतोय," शिपाई म्हणाला. "लाकडाच्या वखारीत."

मास्तर जमिनीकडे बघत होते. मिरेयाने पाणी तापत ठेवलं, उगाचच, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. नाव घेतलं तर मास्तर संपले. आणि मग पुढचा प्रश्न येणारच होता: ओळखलीस कशी? तिने चिमट्याने कवळी स्पिरिटमध्ये बुडवून काढली.

"डावीकडून सुरू कर," लेफ्टनंट खुर्ची ओढून बसला.

निकासिओने सांगायच्या आधीच आ वासला. वर फक्त दोन दाढा आणि खाली एक खुंट, बाकी नुसतं बोळकं. मिरेयाने कवळी टेकवली. ती धरायला शेजारी काही नव्हतंच. लगेच जिभेवर घसरली. म्हाताऱ्याने ती जिभेनेच थोडी वर उचलून बघितली.

"बसत नसली तरी राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "कधीपासून मक्याचं कणीस खाल्लं नाही."

हमालांपैकी एक फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. लेफ्टनंटही हसला. हसताना तो निकासिओकडेच बघत राहिला, जरा जास्त वेळ.

"पुढचा."

क्रिस्पीनच्या तोंडाला भीतीचा आंबट वास येत होता. त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. लहानपणी ताप आला की बघायचा, तसं. मिरेयाने त्याचा जबडा डाव्या हाताने घट्ट धरला. कवळी आत सारली, आणि तिचा उजवा आकडा त्याच्या सुळ्यावर टेकवून अंगठ्याने दाबला. साधं दाबणं नव्हतं ते. तिने खांद्याचा जोर लावला आणि मनगट पिळलं. तार वाकली तशी तिला बोटात कळली. तारेचं टोक हिरडीत घुसलं. क्रिस्पीन ओरडला, त्याने तिचा हात दोन्ही हातांनी पकडला, पण तिने सोडलं नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली, आणि आणखी एकदा पिळलं.

बाहेर काढली तेव्हा कवळीवर रक्त होतं. "नाही बसत," ती म्हणाली. "याची लाथेनं गेलेली जागा रुंद आहे."

"भाऊ ना तुझा?" लेफ्टनंटने विचारलं. "मग आवडतो दिसतोय फार."

हमालांना वेळ लागला नाही. एकाची जागा अरुंद होती, दुसऱ्याचे वरचे नव्हे तर खालचे दात गेले होते. त्याला का धरलं हे शिपायालाही सांगता आलं नाही.

मग मास्तर. त्यांनी ओठ उघडले तेव्हा सुजलेलं मांस फाटल्यासारखं झालं. कवळी आत गेली आणि मिरेयाच्या बोटाला तिची ती ओळखीची जागा लागली. डावी बाजू अगदी बरोबर बसली. आपल्या घरी परतल्यासारखी. उजवीकडे वाकलेला आकडा दाताच्या डोक्यावर चढला आणि कवळी डुगडुगली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नाही," ती म्हणाली.

लेफ्टनंट उठला. त्याने तिला बाजूला सारलं आणि स्वतःचा अंगठा मास्तरांच्या तोंडात घालून कवळी दाबली. ती एका बाजूने उचकटली. पुन्हा दाबली. पुन्हा उचकटली.

"सूज उतरल्यावर बसेल?"

"हिरडी सुजते, साहेब. दातांमधलं अंतर सुजत नाही."

किती सहज बोलून गेली ती! लेफ्टनंटने अंगठा मास्तरांच्याच सदऱ्याला पुसला. कवळी उजेडात धरून बघितली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"उद्या राजधानीहून फौजेचा दातांचा डॉक्टर येतोय. तो बघेलच," तो म्हणाला. मग बाकावरून नजर फिरवली. "पाच आणले आणि पाचही परत? वरिष्ठांना काय सांगू, सहल काढली होती म्हणून?" तो निकासिओपाशी थांबला. "तुला हवी होती ना, आजोबा? कणीस खायला? चल."

निकासिओला वाटलं, थट्टाच चालली आहे. तो हसतच उठला. दारात शिपायाने मानेला धरून ढकललं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. लेफ्टनंटकडे नाही, मिरेयाकडे. जणू हे काय चाललंय ते तीच नीट सांगू शकेल. लेफ्टनंटची काळी गाडी त्याला घेऊन गेली. हमाल पळाले. मास्तर उठले, बाहेर पडले आणि वखारीच्या उलट्या दिशेने, नदीकडे, चालू लागले.

क्रिस्पीन तेवढा राहिला. मिरेयाने मिठाचं कोमट पाणी त्याच्यापुढे धरलं. त्याने तीनदा चूळ भरली.

"मला वाटलं, माझ्यावरच ढकलतेस," तो खाली बघत म्हणाला.

"काय?"

"इतकं जोरात दाबत होतीस. मला वाटलं, कुणाला तरी द्यायचंच आहे, तर मलाच देतेस. बसवतेस माझ्या तोंडात."

"क्रिस्पीन!"

"वाटलं म्हणून सांगितलं." त्याने पेला टेबलावर ठेवला. "कुणाची होती?"

तिने नकारार्थी मान हलवली. टांगा बाजारात तसाच सोडला आहे, खेचर उन्हात असेल, असं म्हणत तो निघाला. एरवी जाताना तिच्या खांद्यावर थाप मारायचा. आज दारातून वाकडा होऊन, तिला न लागता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरेया पाव विकत घ्यायलाही बाहेर पडली नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ती हातातलं काम खाली ठेवायची, आवाज गेला की उचलायची. नऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. एक बाई उभी होती, डोक्याला कोळशाने काळवंडलेला फडका बांधलेली.

"मी तोमासिना. निकासिओची बायको," ती म्हणाली. "हमालांनी सांगितलं, इथूनच नेलं म्हणून."

मिरेयाने तिला आत घेतलं. कॉफी पुढे ठेवली. तोमासिनाने कपाला हात लावला नाही.

"रडायला नाही आले मी, बाई. एकच विचारायचंय. अशी तारेची कवळी असते, तिला अडकायला शेजारी दात लागतात ना?"

"लागतात."

"दोन्ही बाजूंना?"

"हो."

"मग त्यांना आहेतच कुठे? लग्नाच्या आधीपासून नाहीत म्हणा ना! ती कवळी त्यांची असणंच शक्य नाही. हे कुणी शहाण्या माणसाने सांगितलं की झालं. मी सांगितलं तर मला हाकलतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. हा तुमचा धंदा आहे." ती थांबली. "आज मोठा डॉक्टर येणार आहे म्हणतात. त्याच्यासमोरच सांगा. कवळी हातात घेऊन दाखवा त्याला."

मिरेया खिडकीपाशी गेली. समोरच्या घरातली बाई झडप लावून घेत होती. दातांचा डॉक्टर. तो कवळी हातात घेईल, आधी डावा आकडा बघेल, मग उजवा. तार कुठे वाकली, कधी वाकली, हे त्याला वाकण्यावरची ताजी चमक बघूनच कळेल. ती स्वतः असती तर तिला कळलं असतं.

"त्यांना दमा आहे," मागून तोमासिना म्हणाली. "जमिनीवर झोपले की वाढतो."

मिरेयाने एप्रन सोडला आणि खुंटीला लावला. मग पुन्हा काढून घडी घातली, आणि घडी टेबलावर ठेवली. हात धुतले. नखांतलं साच्यांचं प्लास्टर निघेना. तिने ते काडीने कोरून काढलं.

"चालत जाऊ?" तिने विचारलं.

"चालतच आले मी," तोमासिना म्हणाली.

कैद्यांना ठेवत त्या किल्ल्याच्या फाटकापर्यंत दोघी चालत गेल्या. रस्त्यावरची दुकानं अर्धवट उघडी होती. भिंतीपलीकडे कुठेतरी ऑर्गन वाजत होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली.

"काय काम आहे?"

"काल कोळसेवाल्याला आणलंय," मिरेया म्हणाली. "त्याच्याबद्दल दातांच्या डॉक्टरला भेटायचंय."

"तुझा कोण लागतो तो?"

"माझा कुणी नाही."

पहारेकऱ्याने आधी तिच्याकडे, मग तोमासिनाकडे बघितलं. आतल्या अंगणाकडे एकदा वळून पाहिलं आणि जवळ येऊन, ओठ न हलवता म्हणाला, "परत जा, बाई. तुझा कुणी नाही ना? मग परत जा."

तोमासिनाने मिरेयाच्या कोपराला धरलं होतं; ती पकड एकेक बोट करत सुटत गेली. मिरेया एक पाऊल पुढे सरकली.

"दातांच्या डॉक्टरला सांगा," ती म्हणाली, "कवळी जिने बनवली, ती आली आहे."